‘बोलत नाही’ या शेऱ्याचा इतिहास

डिसेंबर २०१७. एटापल्ली तालुक्यातल्या एका आश्रमशाळेचा व्हरांडा. शाळेचं नाव सांगत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात शाळेपेक्षा माझी चूक मोठी आहे. सरांनी माझ्या हातात एक यादी दिली. नऊ मुलं, पहिली ते चौथीतली. प्रत्येक नावापुढे एकच शेरा होता : ‘बोलत नाही’.

मी वाचा-भाषातज्ज्ञ आहे. लोक ‘स्पीच थेरपिस्ट’ म्हणतात, गावाकडे ‘बोलायची डॉक्टर’ म्हणतात. मी डॉक्टर नाही, पण ते समजावत बसायला वेळ नसतो. त्या दिवशी मी पिशवीतून चित्रांची कार्डं काढली. नागपुरात रोज वापरायचे तीच होती. आगगाडी, सिग्नल, वाढदिवसाचा केक, सोफा. मराठीत विचारायचं, ‘हे काय आहे?’ आणि उत्तर लिहून घ्यायचं.

पहिल्या मुलाने आगगाडीकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग जमिनीकडे. दुसऱ्यानेही तेच केलं. अख्ख्या गडचिरोली जिल्ह्यात तेव्हा रेल्वे स्टेशन एकच, तेही उत्तरेच्या टोकाला, वडशाला. एटापल्लीच्या सात वर्षांच्या पोराने आगगाडी कुठे पाहिलेली असणार? हे मला तेव्हा सुचायला हवं होतं, पण सुचलं नाही. नऊपैकी पाच मुलांपुढे मी लिहिलं : ‘भाषाविकासात विलंब’.

जेवणाची घंटा झाली. आपापली ताटं घेऊन मुलं रांगेत बसली, आणि स्वयंपाक करणाऱ्या मावशी वाढायला आल्या तसा त्या रांगेत एकदम गलका सुरू झाला. माझा पहिला ‘विलंब’ मावशींना हातवारे करून काहीतरी लांबलचक सांगत होता. मध्येच थांबून त्याने कुणाच्या तरी चालण्याची नक्कल केली. सगळी रांग हसली. ती नक्कल माझी होती, हे मला थोडं उशिरा कळलं.

“मावशी, हा बोलतो?”

“बोलते ना जी. लय बोलते हा पोट्टा. तुमच्यासंग नाई बोलत.”

तो माडिया बोलत होता. मावशीही माडिया. त्या पाच जणांचे कागद मी फाडले. हा लेख मात्र तिथून सुरू झाला, कारण परत येताना आलापल्लीपर्यंतच्या रस्त्यावर एकच प्रश्न डोक्यात होता : ज्या मुलाची भाषा मला येत नाही त्याला ‘बोलता येत नाही’ असं लिहायची मुभा मला दिली कुणी? हा शेरा आला कुठून?

*

आमचा धंदा शाळेत शिरला तो अमेरिकेत. १९१० मध्ये शिकागोच्या सरकारी शाळांनी ‘वाचासुधारणा’ करणारे खास शिक्षक नेमले. एला फ्लॅग यंग या तेव्हा तिथल्या शाळांच्या प्रमुख होत्या. मुख्य काम होतं तोतऱ्या मुलांचं. हे शिक्षक शाळाशाळांतून फिरत. काम चांगलंच होतं. तोतरं मूल वर्गात किती सोसतं, ते ज्याने सोसलंय त्यालाच माहीत. पण शिकागो हे तेव्हा परदेशातून आलेल्यांचं शहर होतं. पोलिश, इटालियन, यिडिश बोलणाऱ्या घरांतली मुलं त्याच वर्गांत बसायची. आणि ‘सुधारणा’ हा शब्द असा आहे, की एकदा हातात आला की तो फक्त तोतरेपणापाशी थांबत नाही. उच्चारातला दोष कुठला आणि घरच्या भाषेची छाया कुठली, ही रेघ तेव्हा कुणी नीट ओढलेलीच नव्हती.

१९२५ मध्ये या कामातल्या लोकांनी अमेरिकेत संघटना काढली. तिच्या पहिल्या नावातही ‘सुधारणा’ होतीच.

आपल्याकडे सुरुवात बहिऱ्या मुलांपासून झाली. १८८०च्या दशकात मुंबईत मूकबधिरांची शाळा निघाली, कॅथलिक बिशप लिओ म्यूरिन यांच्या पुढाकाराने. वाचा आणि श्रवण यांचं शास्त्र म्हणून शिक्षण मात्र फार उशिरा, १९६०च्या दशकात आलं. १९६५ मध्ये म्हैसूरला अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था सुरू झाली, त्याच सुमारास मुंबईच्या नायर रुग्णालयात अभ्यासक्रम निघाला. १९८३ मध्ये वांद्र्याला अली यावर जंग संस्था आली. १९९२च्या कायद्याने भारतीय पुनर्वास परिषदेला वैधानिक दर्जा मिळाला आणि आमच्यासारख्यांची नोंदणी सुरू झाली. म्हणजे आपल्याकडे हा सगळा धंदा साठेक वर्षांचा आहे, आणि तो वाढला तो दवाखान्यात, शहरात. शाळेत त्याची स्वतःची खुर्ची आजही क्वचितच असते. तालुक्यात फिरणारे विशेष शिक्षक असतात, एकेकाकडे अनेक शाळा असतात. माझ्यासारखी माणसं शिबिरापुरती येतात आणि जातात.

म्हैसूरचीच एक गोष्ट मला फार चटका लावते. वाक् श्रवण संस्था ज्या मानसगंगोत्री परिसरात आहे, तिथेच १९६९ मध्ये भारतीय भाषा संस्थान उभं राहिलं. एकीकडे कान, जीभ आणि स्वरयंत्र यांचा अभ्यास, दुसरीकडे देशभरातल्या भाषांचा. याच भाषा संस्थानाने १९८५ मध्ये अबुझमाडिया बोलीचं व्याकरण छापलं. अबुझमाड म्हणजे भामरागडच्या पलीकडचा, छत्तीसगडमधला डोंगराळ मुलूख. माझ्या त्या नऊ मुलांच्या भाषेची ही सख्खी बहीण. शिकत असताना मी म्हैसूरला दोन आठवडे राहिले होते. त्या पुस्तकाचं नावसुद्धा तेव्हा कानावर आलं नाही. परीक्षेत ते येणार नव्हतं, हे त्याचं कारण.

*

आणि ते एकच पुस्तक नव्हतं. ‘या भाषेत काही लिहिलेलंच नाही हो’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की शेवटी शोधायलाच बसले.

ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा चौथा खंड १९०६ साली निघाला. त्यात मुंडा आणि द्रविडी भाषा आहेत, गोंडी आहे. सर्वेक्षणाची एक पद्धत होती. बायबलमधली उधळ्या मुलाची गोष्ट प्रत्येक भाषेत सांगून घ्यायची, म्हणजे भाषा शेजारी शेजारी ठेवून बघता येतात. थोडक्यात, शंभराहून जास्त वर्षांपूर्वी एका सरकारी माणसाने गोंडी बोलणाऱ्याला ‘गोष्ट सांग’ म्हटलं आणि ती लिहून घेतली. मी मात्र ‘हे काय आहे?’ विचारत आगगाडी दाखवत बसले होते.

१९१३ मध्ये ए. ए. लिंड यांनी माडियाचं एक छोटं हस्तपुस्तक काढलं. त्यांनी भाषेचं नाव ‘मार्डिया’ असं लिहिलंय. ते छापलं गेलं केडगावला, म्हणजे पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनच्या गावात. पुणे जिल्ह्यात!

तिसरी गोष्ट प्राणहितेपलीकडची. १९४० साली निजामाच्या राज्यात जोडेघाटला कुमराम भीम मारला गेला. त्यानंतर आदिलाबादच्या गोंडांत नेमकं काय धुमसतंय हे बघायला सरकारने क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हाइमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाला पाठवलं. महायुद्धामुळे हा माणूस हैदराबाद संस्थानात अडकून पडला होता. १९४३ मध्ये त्याच्या पुढाकाराने मारलावाई या गावी गोंड तरुणांना शिक्षक करण्याचं केंद्र सुरू झालं. पहिली पुस्तकं गोंडीत, लिपी देवनागरी. आधी घरच्या भाषेत वाचायला शिकायचं, राज्याची भाषा त्यानंतर. आणि शिकवणारा गोंडच.

याच काळात आदिलाबादेत गोंडांमध्ये सरकारी अधिकारी म्हणून काम करणारा एक मराठी माणूस पुढे गोंडीचं व्याकरण लिहिणार होता. सेतुमाधवराव पगडी. हो, तेच, शिवकाळाचे इतिहासकार. तुमच्या घरी कपाटात त्यांचं एखादं पुस्तक असेल तर ते बहुधा मोगल-मराठा संघर्षावरचं असेल. त्यांचं गोंडी व्याकरण १९५४ साली निघालं. मराठी वाचकांनी पगडींचे फारसी कागद डोक्यावर घेतले आणि गोंडी पगडी विसरून गेले, अशी माझी तक्रार आहे.

मारलावाईपासून एटापल्ली सरळ रेषेत काही फार लांब नाही. मध्ये नदी आहे आणि राज्याची हद्द आहे. १९५६ मध्ये राज्यघटनेत अनुच्छेद ३५०क आला. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने करावा, असं तो सांगतो. महाराष्ट्रात आदिवासी मुलांसाठी आश्रमशाळा उभ्या राहिल्या. राहणं, खाणं, कपडे, पुस्तकं सगळं मोफत, आणि भाषा मराठी. सहा वर्षांचं पोर घरापासून लांब येतं, आणि ज्या दिवशी आई सुटते त्याच दिवशी भाषाही सुटते.

१९७३च्या डिसेंबरात हेमलकसाला आलेल्या प्रकाश आणि मंदाकिनी आमटे यांना हे फार लवकर कळलं, कारण त्यांना पर्यायच नव्हता. पेशंटचं कुठे दुखतंय हे विचारायला माडिया शिकावी लागली. १९७६ मध्ये तिथे शाळा सुरू झाली, तेव्हा मुलांशी बोलायला ती कामाला आली. अलीकडे, २०१९ मध्ये, धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने स्वतःच गोंडी माध्यमाची शाळा काढली. २०११च्या जनगणनेत गोंडी बोलणारे सुमारे ३० लाख आहेत. तीस लाखांची भाषा आणि शाळेच्या यादीत शेरा ‘बोलत नाही’.

*

माझ्यासारखी चूक करून जे कोर्टापर्यंत गेले, त्यांच्याकडून आमचा धंदा शिकला. कॅलिफोर्नियात मेक्सिकन शेतमजुरांची नऊ मुलं इंग्रजीतल्या बुद्धिमापन चाचणीवरून मतिमंदांच्या वर्गात घातली गेली होती. त्यांच्या वतीने खटला झाला. तीच तपासणी स्पॅनिशमध्ये केली तेव्हा बहुतेक मुलं त्या वर्गात बसतच नव्हती. १९७० मध्ये तडजोड झाली : यापुढे मुलाला त्याच्या घरच्या भाषेत तपासायचं.

दुसरा खटला मिशिगनमधल्या ॲन आर्बरचा. अकरा कृष्णवर्णीय मुलं, गरीब घरांतली. शाळेने काहींना ‘अध्ययन अक्षम’ ठरवलं, काहींना स्पीच थेरपीला पाठवलं. म्हणजे आरोपीच्या पिंजऱ्यात एका अर्थी मीच उभी होते. भाषाशास्त्रज्ञांनी साक्ष दिली, की ही मुलं चुकीचं इंग्रजी बोलत नाहीत, ती स्वतःचे पक्के नियम असलेली वेगळी बोली बोलतात. जुलै १९७९ मध्ये न्यायमूर्ती चार्ल्स जॉइनर यांनी निकाल दिला. मुलांनी घरची बोली सोडावी असं त्यांनी म्हटलं नाही. शिक्षकांनी ती ओळखायला शिकावं, असा आदेश त्यांनी दिला. चार वर्षांनी, १९८३ मध्ये, अमेरिकेतल्या आमच्या व्यवसायाच्या संघटनेने अधिकृत भूमिका घेतली, की इंग्रजीची कुठलीही बोली हा विकार नाही.

यातून जो नियम निघतो तो सोपा आहे. मुलाला खरोखर भाषेचा विकार असेल तर तो त्याच्या सगळ्या भाषांत दिसतो. एका भाषेत गप्प आणि दुसरीत वाहता झरा असेल तर तो विकार नाही, तो पाहुणा आहे. परक्या भाषेत पडलेली कितीतरी मुलं आधी काही महिने नुसती ऐकतात, तोंड उघडत नाहीत. तो काळ त्यांना द्यावा लागतो.

पण नियम सोपा असला तरी वापरणं सोपं नाही. समजा एक मूल ‘घर’ला ‘गर’ आणि ‘फूल’ला ‘पूल’ म्हणतं. मराठी घरातल्या सात वर्षांच्या मुलाच्या बाबतीत मी याकडे लक्ष देईन. माडिया मुलाच्या बाबतीत आधी हे आठवायला हवं, की द्रविडी भाषांच्या मूळ ठेवणीत ख, घ, फ, भ असले महाप्राण नाहीतच. लिंगाचंही तसंच. मराठीत तीन लिंगं, गोंडीत दोनच कप्पे : पुरुष एकीकडे आणि बाया, जनावरं, वस्तू सगळं दुसरीकडे. (यावर चिडायचं की हसायचं ते तुम्ही ठरवा.) मग ‘तो टेबल, ती खुर्ची, ते कपाट’ हे पोर कुठल्या तर्काने लक्षात ठेवणार? खुद्द गोंडीतही गावागणिक फरक. मिठाला पश्चिमेकडे सोवर म्हणतात, काही भागांत तो स विरून होवर होतो, आणि माडियाच्या बाजूला तोही गळून ओवर. एकाच बाकावरची दोन मुलं एकाच चित्राला दोन शब्द सांगतील आणि दोघंही बरोबर असतील.

आणि फक्त माडियाचीच गोष्ट कशाला? या भागातले कितीतरी शिक्षक झाडीपट्टीतले. झाडीबोलीत ‘ण’ नाही, तिथे ‘न’ येतो. पाणी नव्हे, पानी. माझी नागपूरची उच्चारचाचणी मी त्या दिवशी शिक्षकखोलीत लावली असती तर अर्धे सर यादीत आले असते. मी हे सरांना बोलून दाखवलं. ते हसले, मग म्हणाले, “मॅडम, डीएडला असताना मला यावरून फार बोलनं खावं लागलं.”

*

आता नववा मुलगा. त्याच्यासाठीच हे सगळं लिहितेय.

त्या दुपारी जेवताना आठ मुलं बोलत होती आणि हा एकटा खाली मान घालून भात खात होता. मावशींना विचारलं.

“हा कमीच बोलते जी. आवाज देल्ला तं मागं पाहत नाई. लाजते.”

मी त्याच्या मागे उभी राहिले आणि मावशींना हळू आवाजात माडियातच विचारायला सांगितलं, पाणी हवं का? ‘एर’ हा शब्द मला तोवर कळला होता. त्याच्या शेजारच्या दोघांनी मान वर केली. त्याने केली नाही. मावशींनी मोठ्याने विचारलं, तेव्हा तो वळला. मग मी जवळ बसले. उजव्या कानातून वास येत होता. कापूस घातलेला, पिवळा पडलेला. दोन्ही कान वाहत होते. किती दिवस? कुणालाच सांगता येईना. चौथीत होता.

हे लक्षात घ्या : चार वर्षं त्याला मराठी येत नाही म्हणून तो बोलत नाही, असं सगळे समजत होते. आठ मुलांच्या बाबतीत ते खरं होतं, म्हणून याच्याही बाबतीत खरं वाटलं. बोलीला विकार म्हणणं ही एक चूक, आणि विकाराला ‘बोलीमुळे असेल’ म्हणून सोडून देणं ही तिची जुळी बहीण. माझे पाच कागद फाडल्यावर मी इतकी खूश होते, की त्याचाही कागद जवळजवळ फाडलाच होता.

गडचिरोलीला नेऊन तपासणी झाली, शंभर किलोमीटरहून जास्त अंतर, एक दिवस जायला-यायलाच. दोन्ही पडद्यांना भोकं, दोन्ही कानांत पंचेचाळीस डेसिबलच्या आसपास घट. साधं बोलणं एक मीटरवरून साधारण साठ डेसिबलने कानावर येतं. वर्गाच्या मागच्या बाकापर्यंत ते आणखी विरतं. अशा मुलाला आवाज येतो, शब्द येत नाहीत. स्वर पोचतात, स, त, क सारखी व्यंजनं वाटेत सांडतात. म्हणून तो हाक मारली तर कधी वळायचा, कधी नाही, आणि ‘लक्ष देत नाही’ हा आणखी एक शेरा त्याला मिळालेला होता.

सरांनी विचारलं, आता सर्टिफिकेट निघेल ना? निघणार नव्हतं. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार आहेत. ‘ऐकू कमी येणं’ त्यात बसायला दोन्ही कानांत साठ डेसिबलची घट लागते. ‘वाचा आणि भाषा अक्षमता’ म्हणायची तर तिचं कारण शरीरात किंवा मेंदूत असावं लागतं, ती कायमची असावी लागते. याचं दुखणं बरं होण्यासारखं होतं. म्हणजे ज्या आठांना काहीच झालं नव्हतं ते यादीत, आणि ज्याला झालं होतं तो यादीत असूनही कायद्याच्या बाहेर. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात मात्र तो बसला. ही योजना महाराष्ट्रातच, पालघरला सुरू झाली. जन्मजात व्यंगं, आजार, कमतरता आणि विकासातला विलंब यांसाठी शाळा-अंगणवाडीत जाऊन मुलं तपासायची, पुढे पाठवायची. त्या वाटेने त्याचं नाव पुढे सरकलं.

कान आधी कोरडे व्हावे लागतात. थेंब, कापूस, नदीत डुबकी बंद. या शेवटच्या अटीवर त्याने मावशींशी केलेलं भांडण मला कळलं नाही, पण त्यात माझं नाव दोनदा आलं. साडेसात महिन्यांनी उजव्या कानाच्या पडद्याचं ऑपरेशन झालं. डावा राहिला. डाव्यासाठीची तारीख दोनदा पुढे गेली, एकदा पावसात रस्ता बंद होता म्हणून, एकदा घरचे पेरणीत होते म्हणून.

मी माझी कार्डं बदलली. आता त्यात मोहाची फुलं आहेत, कोंबडी आहे (‘कोर’, हे सगळ्यांत आधी येतं), घर आहे (‘लोन’), धनुष्य, कावड, टोपली. सुरजागडच्या खाणीचे ट्रक आलापल्लीच्या रस्त्यावर धावायला लागल्यापासून ट्रकचं कार्ड फुकट गेलं. ते इतकं सोपं झालंय, की त्यातून काही कळत नाही. तपासणीला माझ्या शेजारी माडिया बोलणारं कुणीतरी बसल्याशिवाय मी पेन उघडत नाही. बहुतेक वेळा मावशीच बसतात. त्यांच्या या कामाला पगारपत्रकात रकाना नाही. माझ्या अहवालात मी त्यांचं नाव ‘सहपरीक्षक’ म्हणून लिहिते. त्यावर वरच्या कार्यालयातून एकदा विचारणा आली होती, की यांची शैक्षणिक अर्हता काय. मी उत्तर दिलं : भाषा, माडिया.

शेवटचं त्या शाळेत गेले तेव्हा तो सातवीत होता. बरा झालेला कान उजवा, म्हणून त्याला वर्गात डाव्या भिंतीशी, पुढे बसवायला मी सांगून ठेवलं होतं, म्हणजे उजवा कान सरांकडे राहतो. त्या दिवशी परीक्षेसाठी बाकं हलवली होती आणि नंबराप्रमाणे त्याला उजव्या भिंतीशी बसवलं होतं. सर प्रश्न वाचून दाखवायला उभे राहिले. तो उठला, काही न बोलता आपला बाक ओढत वर्गाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत घेऊन गेला. फरशीवर कर्कश आवाज झाला. सगळ्यांनी कानावर हात ठेवले, त्याने सुद्धा.